धारवाडचा अर्ज आणि चिंचोळीची शाळा

सोलापूरहून पुण्याच्या रस्त्याला लागलं आणि कोंडी, पाकणी मागं पडली की मोहोळ तालुक्यातली चिंचोळी एमआयडीसी सुरू होते. मोटारींच्या इंजिनात बसणारे कॅमशाफ्ट इथं घडतात, औषधनिर्मितीला लागणारी अमाइन वर्गातली रसायनं इथं तयार होतात. मूळ गाव चिंचोळी काटी. पहिल्या पाळीची माणसं सकाळी फाटकातून आत जातात, त्याच सुमारास या माणसांची मुलं शाळेला निघतात. अधिकारी बहुतेक करून सोलापूर शहरात राहतात, त्यांची मुलं शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांत. कायम कामगाराला थोडं जमलं तर तो पोराला पिवळ्या गाडीत बसवून मोहोळला नाहीतर सोलापूरला धाडतो. कंत्राटी कामगार, शेतमजूर, उत्तर प्रदेश-बिहारकडून आलेला हेल्पर, यांची मुलं पायी जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात. बाप एकाच कारखान्यात, एकाच यंत्राच्या अलीकडे-पलीकडे उभे असतात. मुलं मात्र एका बाकावर बसत नाहीत.

हे सगळं ऐपतीमुळे घडतं, असं आपण म्हणतो आणि गप्प बसतो. पण शाळेचं जनरल रजिस्टर गप्प बसत नाही. मूल दाखल झालं की त्यात नाव, जन्मतारीख, जन्मगाव यांच्या जोडीला जात आणि पोटजात लिहिली जाते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरही ती उतरते. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा राज्यभर याच जुन्या रजिस्टरांची पानं उलटली गेली, काही ठिकाणी मोडी वाचणारी माणसं हुडकून आणावी लागली. आज प्रत्येक शाळा यू-डायसच्या माहितीत अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास आणि खुला वर्ग अशी विद्यार्थ्यांची संख्या दरवर्षी भरते. खासगी शाळेत कोण बसतं आणि सरकारी शाळेत कोण उरतं, हे या देशाला मोजता येतं. अमेरिकेत याच प्रश्नावर, गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या प्रमाणावर, जाहीर वाद होतात. आपल्याकडे आकडे कपाटात असतात.

मला इथं या प्रश्नाचा इतिहास सांगायचा आहे, कारण त्यात एक मोठी उलटापालट आहे. ज्या सरकारी शाळेचं दार एका महार मुलासाठी उघडावं म्हणून पावणेदोनशे वर्षांपूर्वी थेट लंडनपर्यंत कागद गेले, त्याच शाळेतून आज सवर्ण आणि ऐपतदार घरं बाहेर पडली आहेत. दार उघडलं, आणि उघडता उघडता आतली माणसं दुसऱ्या दारानं निघून गेली. ही गोष्ट आपोआप घडली नाही. ती पायरीपायरीनं घडली, आणि त्यातल्या काही पायऱ्या सोलापुरातच आहेत.

पहिली पायरी धारवाडची. धारवाड आज कर्नाटकात असलं तरी तेव्हा सोलापूरसारखंच मुंबई इलाख्यात होतं. १८५६ च्या जून महिन्यात तिथल्या एका महार मुलानं मुंबई सरकारकडे अर्ज केला. आपण नेमाची फी भरायला तयार असताना आपल्याला सरकारी शाळेत घेतलं जात नाही, एवढीच त्याची तक्रार होती. त्याचं नाव इतिहासाला माहीत नाही, त्याची जात तेवढी कागदावर राहिली. दोनच वर्षांपूर्वी, १८५४ साली, वुडचा खलिता आला होता. शिक्षण सामान्य रयतेपर्यंत पोचवायचं आणि खासगी शाळांना सरकारी अनुदान द्यायचं, ही दोन्ही धोरणं त्या खलित्यात होती. त्यातलं अनुदान पुढं या गोष्टीत फार महत्त्वाचं ठरणार आहे.

जुलैत मुंबई सरकारचा निर्णय आला. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या सरकारनं मान्य केलं की तत्त्वानं न्याय या मुलाच्याच बाजूला आहे. पण एका मुलासाठी युगानुयुगांच्या समजुतींत एकदम हात घातला तर शिक्षणाच्याच कामाचं मोठं नुकसान होईल, आणि हा अन्याय काही आमच्या सरकारनं सुरू केलेला नाही, असं म्हणून त्यांनी अर्ज फेटाळला. मुंबईच्या शिक्षण मंडळाची जुनी भूमिकाही याच वळणाची होती. सर अर्स्किन पेरी अध्यक्ष असताना, पैसा थोडा आहे तर तो आधी वरच्या वर्गांच्या शिक्षणावर लावावा, असं मंडळानं लिहून ठेवलं होतं. वरचा वर्ग शिकला की विद्या आपोआप खाली झिरपेल, ही त्यामागची आशा.

प्रकरण इथं संपलं असतं. पण कागद वर गेले. कलकत्त्याच्या हिंदुस्थान सरकारनं मुंबईशी असहमती दाखवली. आणि एप्रिल १८५८ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीचं राज्य शेवटचे महिने मोजत असताना, कंपनीच्या लंडनमधल्या कोर्ट ऑफ डायरेक्टर्सनं तत्त्व ठरवून टाकलं : सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या राहतील. १८५७ च्या उठावानंतर इंग्रज धर्म-चालीरीतींच्या बाबतीत किती जपून पावलं टाकत होते हे आठवलं, की या निर्णयाचं मोल कळतं. कागदावर तो स्वच्छ होता. गावात उतरला तेव्हा काय झालं? १८८२ च्या हंटर आयोगासमोर आलेल्या माहितीवरून दिसतं की मुंबई इलाख्यात अस्पृश्य मुलं शाळेत आली की इतर पालक आपली मुलं काढून घेत, शाळा ओस पडत. जिथं मुलाला आत घेतलं तिथं त्याची जागा ओटीवर किंवा दाराबाहेर असे. तत्त्व आम्ही मानतो, पण अंमल जबरीनं करता येणार नाही, असं आयोगानं म्हटलं आणि स्वतंत्र शाळांना उत्तेजन द्यायची शिफारस केली. म्हणजे शाळा वेगळ्या करून प्रश्न मिटवायचा.

मुलं काढून घेणं ही या साऱ्या इतिहासातली सर्वांत टिकाऊ युक्ती आहे. तिला कायद्याची गरज लागत नाही, दंगा करावा लागत नाही, कुणाचं नाव कोर्टात येत नाही.

त्या काळात खासगी शाळा कुठं होत्या? हे आज ऐकायला नवल वाटेल, पण १८५० च्या दशकात अस्पृश्य मुलांना आत घेणाऱ्या शाळा बहुतेक खासगीच होत्या. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी महार-मांग मुलांसाठी शाळा काढल्या. त्यातल्याच एका शाळेतल्या मुक्ता नावाच्या मांग मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. ‘ज्ञानोदय’ हे अमेरिकन मराठी मिशनचं पत्र. याच मिशनचं काम नगरहून सोलापुरात आलं. तेव्हा सरकारी शाळा वरच्या जातींच्या ताब्यात होती आणि वंचितांना जागा द्यायला समाजसुधारकांच्या आणि मिशनऱ्यांच्या खासगी शाळा होत्या. आजच्या चित्राच्या अगदी उलट. म्हणून ‘खासगी वाईट, सरकारी चांगली’ किंवा ‘सरकारी निकामी, खासगी उत्तम’ असली घोषणा या इतिहासाला लागू पडत नाही. प्रश्न नेहमी दारावर कोण उभं आहे हाच होता.

हंटर आयोगासमोर जोतीरावांनी १८८२ च्या ऑक्टोबरात निवेदन दिलं. सरकारचा महसूल कष्टकऱ्यांकडून येतो आणि शिक्षणाचा खर्च वरच्या वर्गांवर होतो, हे त्यांनी रोखठोक मांडलं. त्याच सुमाराचे, १८८१-८२ चे, आकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढं १९२८ साली सायमन कमिशनपुढच्या निवेदनात घेतले आहेत. मुंबई इलाख्याच्या प्राथमिक शाळांत ब्राह्मण मुलं ६३,०७१ होती. अस्पृश्य हिंदू मुलं २,८६२, म्हणजे शंभरात कसंबसं एक. मिडल स्कूलच्या टप्प्यावर अस्पृश्य मुलं १७ उरली होती. हायस्कुलात आणि कॉलेजात एकही नव्हतं. धारवाडच्या अर्जाला तेव्हा पंचवीस वर्षं उलटून गेली होती.

विसाव्या शतकात बदल आला तो दोन वाटांनी. एक वाट संस्थानाची. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घ्यायचा हुकूम काढला. इंग्रज सरकारला साठ वर्षांत जे धाडस झालं नाही ते एका राजानं आपल्या मुलखात केलं. दुसरी वाट कायदेमंडळाची. १९२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबई विधिमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, सार्वजनिक शाळा आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. महाडच्या चवदार तळ्यामुळं त्यातलं पाणी आपल्याला आठवतं, त्यातली शाळा आपण विसरतो. त्याच वर्षी मुंबई सरकारनं आणखी एक पाऊल टाकलं : जी अनुदानित शाळा अस्पृश्य मुलांना प्रवेश नाकारेल तिला सरकारी अनुदान मिळणार नाही.

मला हा निर्णय या साऱ्या प्रकरणातला कळीचा वाटतो. १८५८ चा हुकूम सरकारी शाळेपुरता होता. १९२३ मध्ये सरकार खासगी संस्थांच्या दारापर्यंत पोचलं, आणि ते उपदेश करत पोचलं नाही, तिजोरीची किल्ली हातात घेऊन पोचलं. सार्वजनिक पैसा हवा असेल तर दार सार्वजनिक ठेवा. अमेरिकेत ही अट यायला त्यानंतर जवळजवळ अर्धं शतक लागलं. १९५४ च्या मे महिन्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ब्राउन खटल्यात वंशावर आधारित वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. लगेच दक्षिणेतल्या गोऱ्या पालकांनी खासगी ‘अकॅडमी’ काढायला सुरुवात केली. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीनं तर १९५९ मध्ये सगळ्या सरकारी शाळांना कुलूप लावलं आणि ते १९६४ पर्यंत उघडलं नाही. गोरी मुलं खासगी शाळेत शिकत राहिली, काळ्या मुलांची पाच वर्षं वाया गेली. १९७०-७१ मध्ये करसवलत काढून घेतली जाऊ लागली तेव्हा कुठं अशा अकॅडमींना चाप बसला. युक्ती तीच, मुलं काढून घ्यायची. तिच्यावरचा उपायही तोच, पैशाला अट लावायची.

सोलापुरात मात्र केवळ दार उघडून भागणार नव्हतं, कारण खेड्यातल्या मुलाला त्या दारापर्यंत पोचायलाच जागा नव्हती. हायस्कूल असायचं जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावी. मोहोळ, माढा, करमाळ्याकडच्या खेड्यातलं अस्पृश्य मूल चौथी पास झालं तरी सोलापुरात राहणार कुठं? वाड्यात खोली मिळत नाही, खाणावळीत पान मांडत नाहीत. २० जुलै १९२४ रोजी बाबासाहेबांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापली. सभेचं पहिलं मोठं काम झालं ते सोलापुरात : ४ जानेवारी १९२५ ला तिथं हायस्कुलात शिकणाऱ्या मुलांसाठी वसतिगृह उघडलं. राहणं, जेवण, कपडे, वह्या-पुस्तकं हा खर्च सभेनं उचलला. सोलापूर नगरपालिकेनं महिना ४० रुपये मदत दिली. व्यवस्था पाहत होते जिवाप्पा ऐदाळे, हेच पुढं १९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षातर्फे सोलापुरातून कायदेमंडळात गेले.

पुणं नाही, मुंबई नाही, सोलापूरच का? मला वाटतं याचं उत्तर गिरण्यांत आहे. १८७० च्या दशकात जुनी मिल उभी राहिल्यापासून सोलापूर गिरणगाव झालं होतं. शहरात महार-मांग कामगारांची मोठी वस्ती होती, पगाराचा रोकड पैसा होता आणि आसपासच्या दुष्काळी तालुक्यांतून येणारी माणसं होती. मुलाला शिकवायची आच ज्यांना प्रथम लागली ती या गिरणीकामगारांच्या आणि त्यांच्या खेड्यातल्या नातलगांच्या घरांना. ४० रुपये ही रक्कम लहान दिसते. पण एका नगरपालिकेनं, जिच्यात तेव्हा वरच्या जातींचंच वजन होतं, अस्पृश्य मुलांच्या ताटासाठी दरमहा आपल्या तिजोरीतून पैसे मोजले, ही गोष्ट सोलापूरकरांनी अभिमानानं सांगायला हवी. ती फारशी सांगितली जात नाही.

त्याच शहरात तेव्हा एक वेगळीच शाळा भरत होती, तारेच्या कुंपणाच्या आत. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची व्याप्ती १९११ च्या कायद्यानं वाढली आणि त्याखाली सोलापुरात सेटलमेंट उभी राहिली. कैकाडी, पारधी, घंटीचोर, भामटा, मांग-गारुडी अशा जमातींची कुटुंबं तिथं डांबली गेली. माणसांची रोज हजेरी होई, पास असल्याशिवाय बाहेर जाता येत नसे, आणि गिरण्यांना त्यातून स्वस्त मजूर मिळत. काही काळ ही व्यवस्था अमेरिकन मराठी मिशनकडे होती. मुलांना शाळा सक्तीची होती. ज्या काळात इलाख्यात सक्तीचं शिक्षण हे स्वप्न होतं, त्या काळात सोलापुरात ते सर्वांत कडक रीतीनं लागू झालं ते या मुलांना, आणि तेही इतर मुलांपासून तोडून. फी नाही, दार बंद नाही, उलट दाराबाहेर पडायची मनाई. वेगळ्या शाळेचा याहून उघडा नमुना महाराष्ट्रात दुसरा मिळणार नाही.

या सेटलमेंटांचा इलाख्यातला प्रमुख अधिकारी होता ओ. एच. बी. स्टार्ट. १९२८ साली मुंबई सरकारनं अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करायला समिती नेमली ती याच स्टार्टच्या अध्यक्षतेखाली. समितीत डॉ. आंबेडकर होते, ठक्करबाप्पा होते, डॉ. सोळंकी होते. १९३० मध्ये अहवाल आला. वेगळ्या शाळांपेक्षा सर्वांच्या एकत्र शाळांवर भर द्यावा, वसतिगृहं आणि शिष्यवृत्त्या वाढवाव्यात, हा त्याचा रोख होता. कुंपणातल्या शाळा चालवणाऱ्या अधिकाऱ्याच्या सहीनं एकत्र शाळेची शिफारस झाली, याचं श्रेय मी समितीतल्या आंबेडकरांना देतो. साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळं बसलेला आणि शिपाई नसला तर दिवसभर तहानलेला राहिलेला विद्यार्थी त्या समितीच्या टेबलापाशी बसला होता.

३१ ऑगस्ट १९५२ ला गुन्हेगार जमाती कायदा देशभर रद्द झाला. सोलापुरातल्या त्या वस्तीचं नाव मात्र अजून सेटलमेंटच आहे. आणि विमुक्त-भटक्यांच्या मुलांसाठी पुढं ज्या आश्रमशाळा निघाल्या त्या संस्थाचालकांच्या, अनुदानावर चालणाऱ्या, आणि मुख्यतः त्याच प्रवर्गाच्या मुलांच्या. हेतू वेगळा होता, गरज खरी होती, तरीही मुलं पुन्हा वेगळीच बसली.

स्वातंत्र्यानंतरची कहाणी मी थोडक्यात सांगतो. घटनेच्या २९ व्या कलमानं सरकारी पैशावर चालणाऱ्या कुठल्याही शाळेत धर्म, वंश, जात, भाषा यावरून प्रवेश नाकारायला बंदी केली. १९२३ ची अट आता मूलभूत हक्क झाली. सोलापुरात अनुदानित संस्था फोफावल्या त्या समाजासमाजाच्या. पूर्व भागातल्या पद्मशाली समाजाची कुचन प्रशाला, उर्दूसाठी पानगल हायस्कूल, लिंगायत पुढाकारातून उभ्या राहिलेल्या संस्था, कन्नड आणि गुजराती कुटुंबांच्या आपापल्या शाळा. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा अनेक भाषांच्या या शहरात प्रत्येकानं आपल्या लेकरांसाठी शाळा बांधली, त्यात वावगं काही नव्हतं. या संस्थांनी विणकरांच्या आणि विडी कामगारांच्या मुलांना शिकवलं, हे ऋण मोठं आहे. आणि अनुदानाच्या अटीमुळं यांतल्या बहुतेकांची दारं इतरांनाही उघडी राहिली. माझ्या मते महाराष्ट्रात जातीजातींची मुलं सर्वांत जास्त एकत्र बसली ती १९६० ते १९९० च्या दरम्यान, आणि ती जिल्हा परिषदेच्या व अनुदानित शाळांत. पाटलाचा, मास्तराचा आणि सालगड्याचा मुलगा एका वर्गात असायचा. पाण्याचा डेरा कधी कधी वेगळा असायचा, हेही खरं. पण वर्ग एक होता.

धोक्याची घंटा मात्र आधीच वाजली होती. १९६४-६६ च्या कोठारी आयोगानं लिहिलं की आपली शिक्षणव्यवस्थाच समाजात फूट पाडते आहे : पैसेवाल्यांच्या खासगी शाळा वेगळ्या, गरिबांच्या सरकारी वेगळ्या. उपाय म्हणून आयोगानं शेजारशाळेची, म्हणजे वस्तीतल्या सगळ्या मुलांनी वस्तीतल्याच शाळेत जायची, कल्पना मांडली. या आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, कोल्हापूर जिल्ह्यातले. त्यांनी ही कल्पना शेवटपर्यंत सोडली नाही. सरकारांनी ती पहिल्या दिवसापासून सोडली.

मग अनुदानाचंच धोरण बदललं. २००१ मध्ये महाराष्ट्रात ‘कायम विनाअनुदानित’ शाळांचा जमाना सुरू झाला, २०१२ मध्ये स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा आला. आता विचार करा. १९२३ पासून खासगी शाळेचं दार उघडं ठेवणारा एकच लगाम होता, अनुदान. सरकारनं अनुदान देणंच थांबवलं, तेव्हा तो लगामही सरकारच्या हातून गेला. इंग्रजी शाळेनं जात विचारून कुणाला हाकलायची गरज उरली नाही. फी, डोनेशन, पालकांची मुलाखत आणि गाडीभाडं एवढ्यावर चाळणी लागते. ज्यांच्या हातात जमीन नाही, कायम नोकरी नाही, तेच चाळणीतून खाली पडतात, आणि जमीन-नोकरी कुठल्या जातींच्या हातात कमी आहे हे सोलापूर जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही. इंग्रजी शाळेत शिकणारी दलित घरातली मुलं आहेत, आणि जिल्हा परिषद शाळेत कोरडवाहू मराठा शेतकऱ्याची, धनगराची मुलंही आहेत. तरी वाहता ओघ कुणीकडे आहे ते स्पष्ट दिसतं. गावातली वजनदार घरं शाळेतून बाहेर पडली की शाळेबद्दल तक्रार करणारा आवाजही बाहेर पडतो. छप्पर गळलं तर सभापतीला फोन लावणारं कुणी उरत नाही. पट घसरतो, आणि पट घसरला म्हणून २०१७ च्या डिसेंबरात दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करायची यादी निघते.

शाळा मुळातच निकामी होत्या असं म्हणणाऱ्यांनी याच जिल्ह्यातल्या माढा तालुक्याकडं बघावं. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. पुरस्काराच्या दहा लाख डॉलरांपैकी अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांत वाटून दिली.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं हरवलेला लगाम दुसऱ्या रीतीनं परत आणला. विनाअनुदानित खासगी शाळांनीही पहिल्या वर्गातल्या किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या, फी सरकारनं भरायची. एप्रिल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे कलम वैध ठरवलं, २०१४ मध्ये अल्पसंख्याक संस्थांना त्यातून सूट दिली. एका पिढीत प्रथमच खासगी शाळेला कायद्यानं सांगितलं गेलं की तुझ्या वर्गात चारातला एक मुलगा वस्तीतला हवा. महाराष्ट्र सरकारनं दर मुलामागं वर्षाला १७,६७० रुपये ठरवले आणि ते वेळेवर दिले नाहीत, ही संस्थाचालकांची तक्रार खरी आहे. पण तिचं उत्तर थकबाकी चुकती करणं हेच होतं.

सरकारनं वेगळं उत्तर काढलं. ९ फेब्रुवारी २०२४ ला अधिसूचना निघाली : एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला २५ टक्क्यांचं बंधन नाही. महाराष्ट्रात गावोगाव जिल्हा परिषदेची शाळा आहे, तेव्हा बहुतेक खासगी शाळा एका फटक्यात मोकळ्या झाल्या. गरिबाच्या पोरासाठी गरिबाची शाळा शेजारी आहेच, मग तो इकडं कशाला, असा त्याचा सरळ अर्थ. हंटर आयोगाच्या ‘स्वतंत्र शाळा काढा’ यापेक्षा हा विचार किती पुढं गेला, ते वाचकांनीच ठरवावं. पालक कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयानं ६ मे रोजी अधिसूचनेला स्थगिती दिली आणि १९ जुलैला ती रद्द केली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा निर्णय कायम ठेवला. दरम्यान २५ टक्के जागांची सोडत जूनमध्ये निघूनही निवडीची यादी जुलैपर्यंत अडकली. शाळा सुरू होऊन महिना उलटला तरी मुलं घरात बसून होती.

कायदा टिकला. पण चिंचोळीसारख्या ठिकाणी त्याचा उपयोग कुणाला होतो, हे कागदपत्रांवर ठरतं. या जागांसाठी सरकारच्या पोर्टलवर अर्ज भरायचा तर रहिवासाचा पुरावा लागतो. भाड्यानं राहणाऱ्याला नोंदणीकृत भाडेकरार लागतो. वंचित घटकातून अर्ज असेल तर जातीचा दाखला लागतो आणि परराज्यातला दाखला चालत नाही. शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असेल तर पहिली पसंती, मग तीन किलोमीटरपर्यंत. कारखान्याच्या आसपास पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या कंत्राटी कामगाराकडं यातलं काय असतं? भाडं रोख दिलं जातं, पावती नसते. करार हा शब्दही कुणी काढत नाही, कारण खोलीमालकाला नोंदणी नको असते. १९२५ साली सोलापुरात खेड्यातल्या मुलाला खोली मिळत नव्हती म्हणून वसतिगृह काढावं लागलं. आज मुलाला खोली आहे, खोलीचा कागद नाही, आणि त्याच्या नावावर शाळेची जागा येत नाही.

म्हणून माझं मागणं छोटं आणि नेमकं आहे. चिंचोळी, पाकणी, कोंडीतल्या खोलीमालकांनी कामगारांना भाडेकरार नोंदवून द्यावा. वसाहतीतल्या कारखान्यांनी सीएसआरच्या निधीतून त्या नोंदणीचा खर्च उचलावा आणि अर्जांच्या दिवसांत फाटकाशी एक मदतकेंद्र बसवावं. सरकारनं परराज्यातल्या मजुराच्या मुलाला दाखल्याच्या अटीत अडवू नये आणि शाळांची थकबाकी चुकती करावी. आणि ज्यांची मुलं पिवळ्या गाडीतून जातात त्या पालकांनी आपल्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीच्या बैठकीची तारीख विचारून घ्यावी, जमेल तेव्हा तिथं जाऊन उभं राहावं. पुढच्या वर्षीची प्रवेशप्रक्रिया सुरू व्हायच्या आत एवढं करता येण्यासारखं आहे.